उतरलेली बॅटरी

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण मराठवाड्यांत लहानथोरांच्या तोंडीं आहे. जमलें तर उत्तम, न जमलें तर परभणी आहेच, असा बेफिकिरीचा एक सूर तींत आहे. नशीब काढावयास निघालेल्या माणसाला हा सूर शोभून दिसत असेल. पण मोटारीचें बॉनेट उघडून, तांबड्या-काळ्या तारा हातांत घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला तो मुळींच शोभत नाहीं. तेथें ‘जमलें तर जमलें’ या वृत्तीनें काम करणाऱ्याचे डोळे जाऊं शकतात, आणि शेजारधर्म म्हणून मदतीस आलेल्या दुसऱ्याच्या गाडीचेंहि नुकसान होऊं शकतें.

डिसेंबरांतील एक पहांट डोळ्यांपुढें आणावी. परभणी शहरांतील एका घरांतून आजींना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठीं नांदेडला न्यावयाचें आहे. वसमतवरून जाणारा रस्ता सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरांचा. रुग्णालयाची वेळ सकाळीं नऊची. आजी शाल पांघरून ओसरीवर तयार बसल्या आहेत. मुलगा गाडींत बसून किल्ली फिरवितो, आणि इंजिनाच्या आवाजाऐवजीं नुसती ‘टक् टक्’ ऐकूं येते. पुढचे दिवे समईच्या विझत्या वातीप्रमाणें मिणमिणतात. गाडी चार दिवस उभीच होती, आणि आंतला दिवा कोणाच्या तरी हातून चालू राहिला होता. तेवढ्यांत शेजारचे काका आपली गाडी घेऊन येतात. “अरे, पांच मिनिटांचें काम! त्यांत एवढें घाबरण्यासारखें काय आहे?” असें म्हणत ते तारांचें वेटोळें सोडवूं लागतात. काम खरोखर पांच मिनिटांचेंच आहे. मात्र कोणती तार कोठें आणि कोणत्या क्रमानें लावावयाची हें ठाऊक असेल तर. अंधार, थंडी आणि घाई हीं तिन्ही एकत्र आलीं म्हणजे जाणत्या माणसाच्याहि हातून चूक होते.

बॅटरीचें काम नीट समजलें म्हणजे हा क्रम पाठ करावा लागत नाहीं. तो आपोआप सुचतो. इंजिन स्वतःच्या बळावर सुरू होत नाहीं. प्रथम कोणी तरी तें फिरवून द्यावें लागतें. मोटारींच्या आरंभींच्या काळांत हें काम माणसाचा हात करी. गाडीच्या तोंडाशीं लोखंडी हँडल घालून तें जोरानें फिरवावें लागे, आणि इंजिनानें उलट झटका दिला तर हँडल मारणाऱ्याचें मनगट मोडे. अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग यांच्या विजेच्या स्टार्टरची योजना १९१२ सालीं कॅडिलॅक मोटारींत झाली, आणि तेव्हांपासून मनगटाचें काम बॅटरीकडे आलें. बॅटरी मात्र त्याहून जुनी. फ्रान्समधील गास्तों प्लांते यांनीं १८५९ सालीं शिसें आणि गंधकाम्ल यांच्या योगानें चालणारी, पुन्हां पुन्हां भरतां येणारी बॅटरी बनविली. १८८१ सालीं त्यांचेच देशबंधु कामिय फोर यांनीं शिशाच्या पट्ट्यांवर लेप देण्याची युक्ति काढली, आणि ही वस्तु कारखान्यांत मोठ्या प्रमाणावर बनविण्याजोगी झाली. परभणी तेव्हां ज्या हैदराबाद संस्थानांत मोडत होती, त्या संस्थानाच्या रेल्वे खात्यानें १९३२ सालीं २७ गाड्यांनिशीं बससेवा सुरू केली. त्या काळापासून आजपर्यंत मोटारींत जवळजवळ सारें बदललें. पण पेट्रोल-डिझेलवर चालणाऱ्या गाडींत शिसें आणि आम्ल यांची ती जुनी जोडी अजून आपली जागा राखून आहे. ‘एमएच २२’ या क्रमांकाची अगदीं नवी गाडी घेतली, तरी तिच्या बॉनेटखालीं बहुधा हीच जोडी सांपडेल.

नेहमींच्या मोटारीच्या बॅटरींत सहा कप्पे असतात, आणि प्रत्येक कप्पा सुमारें २.१ व्होल्टचा असतो. म्हणून पूर्ण भरलेली आणि कांहीं तास विसावलेली बॅटरी मीटरवर सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. १२.४ म्हणजे ती पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खालीं आंकडा गेला म्हणजे ती जवळजवळ रिकामी समजावी. अर्ध्या व्होल्टाचा हा फरक दिसावयास क्षुल्लक आहे, परंतु भरलेली आणि उतरलेली बॅटरी यांतलें सारें अंतर तेवढ्यांतच आहे. इंजिन चालू झालें कीं अल्टरनेटर बॅटरीला पुन्हां भरूं लागतो. त्या वेळीं मीटरवर साधारणतः १३.८ ते १४.५ हा आंकडा दिसला पाहिजे. किल्ली फिरवितांना स्टार्टर शंभर-दोनशें अँपिअर, मोठ्या डिझेल इंजिनांत त्याहूनहि अधिक, प्रवाह ओढतो. पण तो दोन-तीन सेकंदच. मोटारीच्या बॅटरीचा खरा धर्म हा आहे : थोडा वेळ, पण फार मोठा जोर.

आतां परभणीच्या हवेचा विचार करावा. समुद्रापासून दूर असलेल्या या जिल्ह्यांत उन्हाळा आणि हिंवाळा दोन्ही कडक. वैशाखांत पारा ४३-४४ अंशांवर चढतो, आणि उन्हांत उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटखालीं तर त्याहून पुष्कळ अधिक उष्णता असते. हिंवाळ्यांत थंडीची लाट आली म्हणजे १९७२ सालीं स्थापन झालेल्या कृषि विद्यापीठाच्या आवारांतील नोंदीकडे सारा मराठवाडा डोळे लावून बसतो. तेथें पारा पांच अंशांच्या आसपास, क्वचित् त्याच्याहि खालीं उतरतो. पुष्कळांची समजूत अशी कीं, थंडी बॅटरीचा घात करते. वस्तुतः घात उन्हाळा करतो. उष्णता दहा अंशांनीं वाढली कीं बॅटरीच्या आंतील झीज सुमारें दुप्पट वेगानें होते, असा तज्ज्ञांचा स्थूल हिशेब आहे. आंतलें पाणी उडतें, पट्ट्या गंजतात, त्यांवरचा लेप गळूं लागतो. तरीहि उन्हाळाभर गाडी सुरू होत राहते, कारण गरम इंजिन हलकें फिरतें. पुढें थंडी येते. आंतील रासायनिक क्रिया मंदावते, इंजिनाचें तेल दाट होतें, आणि मे महिन्यांत झालेली हानि डिसेंबरच्या पहांटे उघडी पडते. म्हणून आजींच्या गाडीचा दोष त्या एका दिव्यावर सर्वस्वीं घालतां येणार नाहीं. चांगली बॅटरी तेवढा एक दिवा पुष्कळ वेळ सोसते.

गाडी सुरू झाली नाहीं म्हणजे दोष बॅटरीचाच, असेंहि धरून चालूं नये. किल्ली फिरवितांच दिवे मंद होत असतील आणि ‘टक् टक्’ असा आवाज येत असेल, तर बॅटरी उतरल्याचा संशय रास्त आहे. दिवे लख्ख असून स्टार्टर मात्र गप्प असेल, तर दोष स्टार्टरमध्यें किंवा त्याच्या तारेंत असूं शकतो. स्टार्टर जोमानें फिरत असून इंजिन पेट घेत नसेल, तर इंधनाकडे पाहावें. तेथें दुसऱ्या गाडीची वीज उपयोगाची नाहीं. पुष्कळदां तर बॅटरी भरलेली असते, आणि ध्रुवांवर पांढरट-हिरवट भुकटी सांचल्यामुळें किंवा पकड सैल झाल्यामुळें वीज पुढें जात नाहीं. म्हणून तारा काढण्यापूर्वीं टॉर्चच्या उजेडांत ध्रुव पाहावेत. अर्धें निदान तेथेंच होतें.

टॉर्चच्या उजेडांत, हे शब्द मुद्दाम वापरले आहेत. काडी पेटवून किंवा तोंडांत सिगारेट धरून बॅटरीवर वांकणें म्हणजे दारूच्या कोठारांत दिवटी नेणें होय. बॅटरी भरली जात असतांना तिच्यांतून हायड्रोजन वायु निघतो. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा चार झालें कीं एक ठिणगी त्याचा भडका उडविण्यास पुरेशी होते. भडका झाला म्हणजे बॅटरीचें कवच फुटतें आणि आंतलें गंधकाम्ल तोंडावर उडतें. डोळ्यांचें कायमचें नुकसान होतें तें असें. यासाठीं कामाच्या आधीं डोळ्यांवर चष्मा घालावा. साधा असला तरी तो उघड्या डोळ्यांपेक्षां बरा. हातांतील अंगठी, कडें, धातूच्या पट्ट्याचें घड्याळ काढून ठेवावें. कारण अंगठी दोन ध्रुवांच्या मध्यें सांपडली तर ती क्षणांत लाल होऊन बोटाला चिकटते. लहान मुलांना दूर उभें करावें. आम्ल अंगावर उडालेंच तर वेळ न दवडतां स्वच्छ पाण्याच्या धारेखालीं तो भाग धरावा. डोळ्यांत गेलें असेल तर किमान पंधरा-वीस मिनिटें सतत पाण्यानें धुवावें, आणि मग तडक डॉक्टरांकडे जावें. चोळणें किंवा घरगुती औषध घालणें अगदीं वर्ज्य.

कांहीं प्रसंगीं तारा लावूंच नयेत. बॅटरीचें कवच तडकलेलें, फुगलेलें किंवा गळत असेल. गंधकाचा उग्र, कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल. किंवा दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्ट सारखे नसतील, तर हात आंवरावा. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची असते; ट्रक आणि बस यांत मात्र बहुधा दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. पाथरी किंवा मानवतच्या रस्त्यावर गाडी बंद पडली, तर उसाचा एखादा ट्रक थांबून मदत देऊं करील. त्याचा भाव चांगला, पण त्याच्या २४ व्होल्टांनीं मोटारींतील संगणक आणि सारी विद्युत्-व्यवस्था जळून जाऊं शकते. ट्रॅक्टरची बॅटरी बहुधा १२ व्होल्टचीच असते. तरी तिच्यावरील आंकडा वाचल्याखेरीज तार लावूं नये. विजेवर चालणारी किंवा हायब्रिड गाडी मदतीला घ्यावयाची असेल, तर त्या गाडीच्या माहितीपुस्तकांत तशी परवानगी आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें. हल्लींच्या कांहीं गाड्यांत बॅटरी मागच्या सामानाच्या खणांत असते आणि तारा लावण्याची जागा बॉनेटखालीं निराळी दिलेली असते. तेथेंहि माहितीपुस्तकाचाच शब्द प्रमाण.

आतां तो क्रम. दोन्ही गाड्या तारा पोहोंचतील इतक्या जवळ, परंतु एकमेकींस स्पर्श होणार नाहीं अशा उभ्या कराव्या. दोहोंचीं इंजिनें, दिवे, पंखे बंद करावे. गिअर मोकळा ठेवून हातब्रेक ओढावा. बॅटरीवर धन ध्रुवाला अधिक आणि ऋण ध्रुवाला उणें अशी खूण असते. ती भुकटीखालीं झांकली असेल तर पुसून नीट वाचावी. मग तांबड्या तारेचें एक टोंक उतरलेल्या बॅटरीच्या धन ध्रुवाला लावावें. दुसरें टोंक मदतीच्या बॅटरीच्या धन ध्रुवाला लावावें. त्यानंतर काळ्या तारेचें एक टोंक मदतीच्या बॅटरीच्या ऋण ध्रुवाला लावावें. राहिलें काळ्या तारेचें शेवटचें टोंक. तें उतरलेल्या बॅटरीच्या ऋण ध्रुवाला लावण्याचा मोह होतो, आणि चूक होते ती येथेंच. हें टोंक बंद पडलेल्या गाडीच्या इंजिनावरील एखाद्या रंग नसलेल्या, उघड्या, जाड धातूला लावावें. बॅटरीपासून जितकें दूर तितकें बरें.

असें कां, हें कळलें म्हणजे क्रम विसरत नाहीं. मोटारीचें सारें लोखंडी अंग बॅटरीच्या ऋण ध्रुवाला जोडलेलें असतें. त्यामुळें इंजिनाला चिमटा लावला काय किंवा ऋण ध्रुवाला लावला काय, विजेला वाट सारखीच मिळते. परंतु शेवटची जोडणी होतांना वर्तुळ पुरें होतें आणि त्या ठिकाणीं लहानशी ठिणगी उडते. ती ठिणगी बॅटरीच्या तोंडाशीं उडावी कीं हातभर दूर उडावी, एवढाच प्रश्न आहे. आणि हायड्रोजनची गोष्ट ध्यानांत असणारा माणूस त्याचें उत्तर चुकणार नाहीं. तांबडी तार आधीं लावण्याचें कारणहि हेंच. काळी तार आधीं लावली आणि मग तांबडी लावतांना तिचा चिमटा चुकून गाडीच्या पत्र्याला टेकला, तर बॅटरीचा सारा जोर त्या एका ठिकाणीं उसळतो. धन आणि ऋण यांची अदलाबदल झाली तर त्याहून वाईट. अल्टरनेटर आणि गाडींतील नाजूक उपकरणें दोन्ही गाड्यांत निकामी होऊं शकतात.

तारा लागल्यावर मदतीच्या गाडीचें इंजिन सुरू करून चार-पांच मिनिटें चालूं द्यावें, म्हणजे उतरलेल्या बॅटरींत थोडा जीव येतो. मग बंद गाडीची किल्ली फिरवावी. एका वेळीं पांच-सात सेकंदांपेक्षां अधिक फिरवूं नये, आणि दोन प्रयत्नांत मिनिटभराची विश्रांति द्यावी. नाहीं तर स्टार्टर तापून जळतो. तीन-चार प्रयत्नांत इंजिनानें दाद दिली नाहीं, तर हट्ट सोडून मिस्त्रीला बोलवावें. इंजिन सुरू झालें कीं तारा उलट क्रमानें काढाव्या : प्रथम इंजिनावरील काळें टोंक, मग मदतीच्या बॅटरीवरील काळें, मग तेथीलच तांबडें, आणि शेवटीं उतरलेल्या बॅटरीवरील तांबडें. काढतांना चिमटे एकमेकांस लागूं देऊं नयेत. इंजिन चालू असतां गाडीची स्वतःची बॅटरी सोडवून पाहण्याची एक जुनी खोड कांहींना असते. ती आजच्या गाड्यांत फार महाग पडते, कारण तेव्हां अल्टरनेटरचा व्होल्ट एकदम उसळतो.

गाडीला धक्का मारून सुरू करणें हा आपल्याकडील सर्वमान्य उपाय. हातानें गिअर बदलावयाच्या गाडीला तो अजून लागू पडतो; दुसरा गिअर घालून, वेग आल्यावर क्लच सोडला कीं चाकेंच इंजिन फिरवितात. परंतु आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीला हा उपाय लागू नाहीं. आणि इंजिन बंद असतांना ब्रेक व सुकाणूं दोन्ही जड होतात, हें धक्का मारणाऱ्यांनीं विसरूं नये. दुसरा उपाय म्हणून कोणी घरांतील इन्व्हर्टरची बॅटरी उचलून आणूं पाहतात, आणि कोणी जुनी मोटारीची बॅटरी इन्व्हर्टरला जोडतात. वीज वारंवार जाणाऱ्या गांवांत हा विचार सुचणें साहजिक आहे. पण शंकरपटाचा बैल आणि नांगराचा बैल हे दोन्ही बैलच असले, तरी एकाचें काम दुसरा करीत नाहीं. मोटारीच्या बॅटरींत पातळ पट्ट्या पुष्कळ असतात, म्हणून ती क्षणांत मोठा जोर देते. पण पुन्हां पुन्हां रिकामी झाली तर लवकर मरते. इन्व्हर्टरच्या बॅटरींत जाड पट्ट्या असतात. ती तासन् तास हळूहळू वीज देते. दोघींच्या नेमणुका बदलणें म्हणजे दोघींचा नाश करणें होय. त्यापेक्षां हातांत मावेल असें लिथियमचें जंप-स्टार्टर घरीं ठेवावें. त्यावरील सूचना पाळल्या तर दुसऱ्या गाडीची वाट पाहावी लागत नाहीं. मात्र वैशाखांत तें गाडींत ठेवून उन्हांत शिजवूं नये.

गाडी सुरू झाली म्हणजे काम संपलें असें नाहीं. एकदां पार उतरलेली बॅटरी अर्ध्या तासाच्या प्रवासानें पूर्ण भरत नाहीं. अल्टरनेटरचें काम भरलेली बॅटरी भरलेली ठेवणें हें आहे. परत आल्यावर ती चार्जरवर सावकाश भरून घ्यावी आणि दुकानांत तपासून घ्यावी. आपल्या हवेंत बॅटरीचें आयुष्य साधारणतः तीन ते पांच वर्षें. चौथ्या वर्षानंतर ती एकदां दगा देईल आणि नंतर सुधारेल, ही आशा सहसा व्यर्थ ठरते.

नवी बॅटरी घेतांना चार गोष्टी पाहाव्या. पहिली, माप आणि मांडणी. पेटींत ती बरोबर बसली पाहिजे, आणि तिचा धन ध्रुव जुन्या बॅटरीप्रमाणेंच उजव्या वा डाव्या बाजूला असला पाहिजे. नाहीं तर तारा ताणल्या जातात किंवा उलट लागतात. दुसरी, शक्ति. लहान पेट्रोल गाडीला सुमारें ३५ अँपिअर-तास, मोठ्या डिझेल गाडीला ६०-७० किंवा त्याहून अधिक, असें स्थूल मान आहे. खरा आंकडा माहितीपुस्तकांत असतो, आणि त्याहून कमी शक्तीची बॅटरी स्वस्त मिळाली तरी घेऊं नये. थंडींत किती अँपिअरचा जोर मिळेल याचा निराळा आंकडाहि पुष्कळ बॅटऱ्यांवर असतो. दोन सारख्या बॅटऱ्यांत तो ज्या बॅटरीचा अधिक ती घ्यावी. तिसरी, जात. झांकणें उघडून पाणी घालतां येणारी जुनी जात, सीलबंद अशी दुसरी जात, आणि चौकांत थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होऊन पुन्हां सुरू होणाऱ्या गाड्यांसाठीं खास बनविलेली तिसरी जात, असे प्रकार आहेत. ज्या गाडींत ही तिसरी जात बसविलेली आहे, तींत साधी बॅटरी घातली तर ती कांहीं महिन्यांतच थकते. चौथी गोष्ट, ताजेपणा. दुकानांत पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरते, आणि उतरलेल्या स्थितींत राहिली म्हणजे पट्ट्यांवर कठीण थर बसून तिची शक्ति कायमची घटते. म्हणून बनविल्याची तारीख विचारावी, शक्य तर दोन-तीन महिन्यांच्या आंतली घ्यावी. हमीपत्र वाचतांना संपूर्ण बदलून देण्याचे महिने किती, आणि केवळ किंमतींत सूट देण्याचे किती, हें निरनिराळें विचारावें. बिलावर आणि हमीपत्रावर तारीख व शिक्का घेतल्याखेरीज दुकान सोडूं नये.

जुन्या बॅटरीचें काय करावें, हाहि प्रश्न घरचाच आहे. तींत कित्येक किलो शिसें असतें. तें भंगारवाल्यानें उघड्यावर फोडलें, आम्ल गटारांत ओतलें आणि शिसें चुलीवर वितळविलें, तर त्याचें विष त्या वस्तीच्या मातींत आणि मुलांच्या रक्तांत जातें. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम कायमचा होतो. केंद्र सरकारनें २००१ सालीं यासंबंधीं नियम केले, आणि २०२२ च्या ऑगस्टमध्यें त्यांच्या जागीं नवे बॅटरी-कचरा-व्यवस्थापन नियम आणले. जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा रीतसर पुनरुपयोग करण्याची जबाबदारी त्यांत बनविणाऱ्यांवर टाकली आहे. नवी बॅटरी घेतांना जुनी दुकानांतच दिली कीं किंमतींतहि सूट मिळते. भंगाराच्या चार पैशांसाठीं ती घरामागें फोडूं देऊं नये.

निगा फार मोठी नाहीं. गाडी शक्य तेथें सावलींत उभी करावी. लिंबाची सावली बॅटरीचें आयुष्य वाढविते, हें पुष्कळांना पटत नाहीं, पण खरें आहे. पाणी घालावयाच्या बॅटरीचें पाणी उन्हाळ्यांत दर महिन्याला पाहावें, आणि तेथें फक्त बॅटरीचें शुद्ध पाणी घालावें. विहिरीचें किंवा बोअरचें क्षारयुक्त पाणी चालत नाहीं, आणि वरून आम्ल तर कधींच घालूं नये. ध्रुवांवरील भुकटी काढावयाची असेल तर पकडी सोडवितांना ऋण ध्रुव आधीं आणि लावतांना शेवटीं, हा नियम ठेवावा. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें भुकटी पुसून, कोरडें करून, पकडी घट्ट बसवाव्या आणि वरून व्हॅसलीनचा पातळ हात द्यावा. गाडी आठवड्यांतून एकदां तरी अर्धा तास चालवावी. नुसतीच दोन मिनिटें इंजिन गुरगुरविल्यानें बॅटरी भरत नाहीं, उलट स्टार्टरनें घेतलेलें ऋणहि फिटत नाहीं.

आतां पुन्हां त्या ओसरीकडे वळावें. मुलगा काकांचा हात हळूच धरतो. “काका, दोन मिनिटें. आधीं ती अंगठी काढा, आणि हा चष्मा घाला.” काका थोडे कुरकुरतात, पण घालतात. टॉर्चच्या उजेडांत अधिक आणि उणें वाचलें जातें. तांबडी, तांबडी, काळी, आणि शेवटचें काळें टोंक इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. तेथें एक बारीक ठिणगी उडते आणि विझते. आसपास पेटण्यासारखें कांहीं नसतें. पांच मिनिटांनीं किल्ली फिरते आणि इंजिन बोलूं लागतें. तारा उलट क्रमानें निघतात. आजी मागें बसतात, काका दार लावतात, आणि गाडी वसमतच्या रस्त्याला लागते. वाटेंत ती कोठेंहि बंद करावयाची नाहीं, एवढें मुलानें मनाशीं ठरविलें आहे. नांदेडला पोहोंचून आजी आंत गेल्या कीं त्याचें पहिलें काम म्हणजे जवळचें बॅटरीचें दुकान शोधणें. ज्या आजींना नीट दिसावें म्हणून हा प्रवास आहे, त्यांना परत नेतांना ‘बनी तो बनी’ म्हणून चालणार नाहीं.